लगेच चालू करू नका

उलानबातर, उणे एकतीस.
दुकानाच्या काचेला आतून बर्फाची जाळी.
त्या आल्या, दारातच बूट आपटले
आणि काउंटरवर ठेवला औषधाच्या खोक्याचा पुठ्ठा.
मागे पेन्सिलीने यादी,
फोनवरून ऐकून घाईत लिहिलेली.
ग्राफिक्स कार्डाच्या जागी नुसतं "चित्रांची पाटी".

दुलमसुरेन. वय बासष्ट.
टेकडीवरच्या तंबूवस्तीतून दोन बस बदलून.
मुलासाठी का, मी विचारलं.
"त्याच्याकडे आहे," म्हणाल्या. "हा मला."

अकरा वर्षं झाली मला या धंद्यात.
पोरं येतात, त्यांना दिवे हवे असतात,
पंख्यात दिवे, रॅमवर दिवे,
काचेच्या पेटीत सगळी आतडी लखलखती.
बाईंनी काचेवर टिचकी मारली.
"आमच्याकडे कोळशाची धूळ. रोज कोण पुसणार?
पत्र्याची दाखव. जाळी बारीक बघ,
नमद्याचे केस उडतात घरभर."
मी काढली. काळी, कुरूप,
वर्षभर कुणी हात न लावलेली.

प्रोसेसरला मी सवयीने महागाकडे वळलो.
"दोन उंट एका दोरीत बांधायचे
तर चाल जुळायला हवी," त्या म्हणाल्या.
"एक ओढतोय, दुसरा लोंबकळतोय, असं नको."
अकरा वर्षं गिऱ्हाइकांना मी हेच सांगतोय.
इतकं थोडक्यात कधी जमलं नाही.
मग प्रोसेसर मधला. कार्ड जुनं, एका हातातून आलेलं,
पंखे मात्र मी स्वतः सोडवून तेल घातलेले.

पॉवर सप्लायपाशी मी अडून बसलो.
इथे हात आखडू नका, म्हटलं,
तुमच्या टेकडीवर संध्याकाळी वीज धापा टाकते.
त्यांनी झग्याच्या आतून नोटा काढल्या,
अंगाच्या उबेने मऊ पडलेल्या,
मोजल्या, परत मोजल्या,
आणि रॅमची एक पट्टी यादीतून खोडली.
"ही वसंतात. भावाच्या बकऱ्या विंचरून झाल्या की."

फ्रेम्स किती हव्यात सेकंदाला?
सगळ्यांना विचारतो, त्यांनाही विचारलं.
समजावून सांगावं लागलं.
त्या बराच वेळ पुठ्ठ्याकडे बघत राहिल्या.

"बिलगुन इंचॉनला आहे, रंगाच्या कारखान्यात.
रात्रपाळी संपली की या खेळात घोड्यावर बसतो.
चार वर्षं झाली. फोनवर आम्ही
जेवलास? जेवलो. थंडी? आहे.
मग दोघंही गप्प.
परवा म्हणाला, आई, तू इथेच ये,
नदीकाठाने शेजारी शेजारी जाऊ, बोलायला नको."
पुठ्ठा दुमडला त्यांनी.
"तो बाजूने दौडत जाईल तेव्हा
तुटक दिसू नये. तेवढ्या दे."

साठ, मी म्हटलं. साठ पुरतील.

जोडायला बसलो, त्यांनी हात पुढे केला
आणि मी ओरडलोच.
कोरडी हवा, अंगावर मेंढीचं कातडं,
बोटाबोटात ठिणगी!
आधी त्या हीटरच्या पाइपला हात लावा.
लावला. चट्ट वाजलं. त्या पहिल्यांदा हसल्या.
मग रॅमची ती एकच पट्टी त्यांनीच बसवली,
दोन्ही अंगठ्यांनी, खटका ऐकू येईपर्यंत.
शेजारची खाच मोकळी.

निघताना बजावलं,
घरी नेलं की लगेच चालू करू नका.
इतक्या गारठ्यातून उबेत गेलं तर आत पाणी धरतं.
खोकं बंद ठेवा. दोन तास, तीन तास.
चुलीपासून लांब.

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं
जणू मी त्यांना चहात मीठ घालायला शिकवत होतो.
"हिवाळ्यात जन्मलेलं कोकरू आत आणलं
तर एकदम चुलीशी नेत नाहीत, पोरा."
आणि खोकं पाठीला बांधून जिना उतरल्या,
कठडा न धरता.

रात्री साडेनऊला फोन.
"तीन तास झाले. बटण कुठलं?"
आधी मागचं, मग पुढचं.
"फिरतोय," म्हणाल्या, "पंखा फिरतोय,"
आणि फोन ठेवायला विसरल्या.